शर्यतीच्या आवाजात आई

आईचं ऐकू येणं इतकं हळूहळू कमी होत गेलं, की आम्हा भावंडांना बरेच दिवस वाटत होतं, तिचं आपल्याकडे लक्ष नसतं. बाबा गेले त्या वर्षी तिचा उजवा कान जवळजवळ बंदच झाला होता. डाव्या कानात काय ऐकू येतं असं विचारलं, तर ती म्हणायची, "लांब कुठंतरी कुणीतरी भांडी घासतंय."

भावाने तिला अमेरिकेत, फ्रिस्कोला आपल्या घरी नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरकडून कानात घालायचं यंत्र करून घेतलं. चांगलं होतं. पण ते घातलं की फ्रीज, नळ, चमचे, शेजारच्या घराचं गवत कापायचं मशीन, सगळं एकदम तिच्या अंगावर यायचं आणि माणसांचं बोलणं त्यात कुठल्या कुठे जायचं. भावाकडे माणसं पुष्कळ. दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण, कुणाची तरी मुंज, गणपतीची तालीम. सगळे "काकू, कशा आहात?" असं वाकून, मोठ्याने विचारायचे आणि उत्तर यायच्या आत आपापसात बोलायला लागायचे. आई हसून मान हलवायची. त्या दोन महिन्यांत ती फक्त मान हलवायला शिकली, असं वहिनीच एकदा फोनवर म्हणाली. वहिनी वाईट नाही, तिलाही ते दिसत होतं.

मग आई माझ्याकडे आली. मी तेव्हा व्हर्जिनियात डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या गावात राहत होते, एकटीच. गावात मराठी घर दुसरं नव्हतं. मी ऑफिसला गेले, की आई गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि समोरचा डोंगर दिवसागणिक लाल होत जाताना बघायची. संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून, तोंड उजेडाकडे करून, सावकाश बोलायचे. माझे ओठ तिला वाचता यायचे. पण नोकरीवरून थकून आल्यावर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली, की माझ्या चेहऱ्यावर काय यायचं कुणास ठाऊक, ती पटकन म्हणायची, "राहू दे, कळलं." कळलेलं नसायचं.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायची. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, इथलीच, चार पिढ्या याच डोंगरात काढलेली. तिचा मुलगा शर्यतीतल्या एका ट्रकचे टायर बदलायचा. म्हणजे मालवाहू ट्रक नव्हेत. इथे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाड्या घरोघरी असतात, त्या आकाराच्या पण आतून निव्वळ पळण्यासाठी बांधलेल्या गाड्यांच्या शर्यती होतात, वर्षभर, गावोगावी. वर्ष संपत आलं, की विजेतेपदासाठी मोजकेच चालक उरतात. तिचा मुलगा ज्या ट्रकवर होता, त्याचा चालक शेवटच्या आठांत आला होता. पुढची शर्यत आमच्या गावापासून तास-दीड तासावर, एका छोट्या लंबगोल ट्रॅकवर होती. त्या शर्यतीनंतर आठांतले चार पुढे जाणार आणि चार गळणार.

"माझ्याकडे जादाची दोन तिकिटं आहेत," ती म्हणाली. "माझी बहीण येत नाही, तिला हे बघवत नाही. तू ये. आईलाही आण."

मी म्हटलं, आईला ऐकू येत नाही.

ती हसली. "तिथे कुणालाच येत नाही."

आईला घरी येऊन सांगितलं, तर तिने फक्त एवढंच विचारलं, की थंडी असेल का. शर्यतीच्या दिवशी तिने सकाळी उठून धपाटे केले, मग साडीवर माझा जुना स्वेटर चढवला आणि पायात बूट घातले. आम्ही दुपारी निघालो. रस्ता डोंगरातून वळत होता, दोन्ही बाजूंना पानं नारिंगी झालेली, आणि उन्हात ती इतकी स्थिर दिसत होती की आपणच हलत नाही आहोत असं वाटावं. आई खिडकीला कपाळ टेकून बसली होती.

ट्रॅक एका खोलगट जागेत होता. वर गवताच्या उतारावर हजारो गाड्या लावलेल्या, मधे मधे लोकांनी शेगड्या मांडलेल्या, मांस भाजल्याचा आणि पेट्रोलचा वास. माझी सहकारी फाटकाशीच उभी होती. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी बोलली. आई हसली, मान हलवली. मला वाटलं, झालं, इथेही तेच.

जागेवर बसल्यावर तिने पिशवीतून कान झाकायचे मोठे हेडफोन काढले. तिच्या स्वतःच्या हेडफोनला रेडिओ जोडलेला होता. त्यावर चालक आणि त्याची माणसं एकमेकांशी बोलतात ते ऐकू येतं. दुसरा साधा जोड तिने मला दिला. तिसरा हातात घेऊन मात्र ती थबकली आणि मला विचारलं, "यांना द्यायचे का? वाईट तर वाटणार नाही?"

आईने ते बघितलं. तिला शब्द कळले नव्हते, पण प्रश्न कळला. तिने हात पुढे करून हेडफोन घेतले आणि पदर सावरून डोक्यावर चढवले. "सगळ्यांनी घातलेत, मी पण घालते की," ती म्हणाली.

ट्रॅक एवढा छोटा होता की बसल्या जागेवरून सगळाच्या सगळा दिसत होता. दोन लांब सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अगदी आवळलेली वळणं. ट्रक आधी एका पुढच्या गाडीमागून रांगेने, जवळजवळ झोपेत असल्यासारखे फिरत होते. रंगीबेरंगी, हळू. मग ती पुढची गाडी बाजूला झाली, हिरवं निशाण हललं, आणि आवाज आला.

त्या आवाजाबद्दल मला नीट सांगता येत नाही. कान झाकलेले होते, तरी तो खालून, बाकड्यातून आला. पाठीच्या कण्यातून चढला. दात हलले. मी आईकडे बघितलं. तिने हात छातीवर ठेवला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईचे ओठ वाचले.

"ऐकू येतंय," ती म्हणत होती.

त्यानंतरचे दोन-अडीच तास माझ्या आठवणीत सलग नाहीत. एखादं स्वप्न सकाळी आठवावं तसे तुकडे आठवतात. ट्रक वळणापाशी येऊन दाबायचे तेव्हा त्यांच्या चाकांच्या आतले ब्रेक निखाऱ्यासारखे लाल व्हायचे आणि वळण संपलं की विझायचे. टायरचं झिजलेलं रबर हवेत बारीक काळ्या भुशासारखं उडायचं आणि आमच्या हातांवर येऊन बसायचं. सूर्य समोरच्या टेकडीमागे उतरत गेला तसा ट्रॅकचा अर्धा भाग सावलीत गेला, आणि ट्रक सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत असे जात राहिले. थोड्या वेळाने आवाज आवाजासारखा वाटेनासा झाला. आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि वर कुठेतरी जग चाललंय, असं काहीतरी.

आणि माझ्या डाव्या बाजूला त्या दोघींचं बोलणं सुरू झालं होतं.

सुरुवात माझ्या सहकारीने केली. तिच्या मुलाचा ट्रक पिवळा होता. तिने आईच्या साडीचा पिवळा काठ चिमटीत धरून दाखवला, मग ट्रॅककडे बोट केलं. आईने मान डोलवली, या वेळी नुसती हलवली नाही. पिवळ्या ट्रकची खरी चुरस एका निळ्याशी होती. दोघांपैकी एकच पुढे जाणार हे जवळपास ठरलेलं होतं. निळं काय दाखवायचं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या जॅकेटकडे बोट केलं. मी निळं जॅकेट घातलं होतं. त्या संध्याकाळभर त्या दोघी माझ्याकडे बोट दाखवून तोंडं वाकडी करत होत्या. मी म्हणजे शत्रूचा ट्रक.

मग गुडघा. पहिल्या चारांची सीमारेषा म्हणजे आईचा गुडघा असं ठरलं. सहकारी रेडिओवर गुण ऐकायची आणि तळहात आडवा धरून आईच्या गुडघ्यापाशी आणायची. गुडघ्याच्या वर असला तर आपण आत, खाली गेला तर बाहेर. किती गुणांनी ते बोटांनी. दोन वर. एक वर. बरोबरी. एक खाली. ट्रकने एखाद्याला मागे टाकलं, की तळहात वर सरकायचा. मध्येच आई तिला खूण करून काहीतरी विचारायची, ती बोटांनी उत्तर द्यायची, आणि दोघी पुन्हा ट्रॅककडे बघायच्या. मला अर्धंच कळत होतं. एकदा मी आईचा दंड हलवून विचारलं, "काय म्हणते ती?" आईने ट्रॅकवरची नजर न काढता हातानेच मला गप्प केलं.

टायर बदलायला ट्रक आत येतात, तेव्हा एका बुटक्या भिंतीवरून पाच जण उड्या मारून खाली उतरतात. त्यातला एक तिचा मुलगा. चालत्या-थांबत्या ट्रकांच्या मधे गुडघ्यांवर घसरत जायचं, यंत्राने नट सोडवायचे, चाक काढायचं, दुसरं लावायचं, पुन्हा आवळायचं. डोळ्याचं पातं लवतं-न-लवतं तोवर सगळं. पहिल्यांदा ट्रक आत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या सहकारीने डोळे गच्च मिटून घेतले आहेत. इतकी वर्षं मुलगा हे काम करतो आणि तिने त्याला ते करताना कधी बघितलेलंच नव्हतं. आईने ते पाहिलं. तिचं मनगट धरलं आणि स्वतः भिंतीकडे बघत राहिली. मुलगा उडी मारून परत भिंतीपलीकडे गेला, तेव्हा तिने मनगट एकदा दाबलं. माझ्या सहकारीने डोळे उघडले.

त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच झालं. ती डोळे मिटायची, आई बघायची, आई दाबायची.

दिवे लागले तेव्हा थोड्याच फेऱ्या राहिल्या होत्या. तळहात गुडघ्याच्या एक बोटभर वर होता. पुढच्या कुणाचा तरी ट्रक आडवा झाला, पिवळं निशाण आलं, सगळे संथ झाले आणि टायर बदलायला आत आले. आईने मनगट धरलं. मीही या वेळी भिंतीकडेच बघत होते. तो पोरगा इतक्या झपाट्याने खाली बसला आणि उठला, की मला वाटलं काहीतरी विसरला. पिवळा ट्रक आत गेला होता त्याहून दोन जागा पुढे बाहेर पडला. तळहात एकदम वर गेला. आईने तिचा हात धरून तो आणखी वर नेला, आणि दोघी हसायला लागल्या.

मग पुन्हा सगळे सुटले. पहिल्याच वळणावर मागून एका ट्रकने पिवळ्याला ढकललं. निळ्याने नव्हे, ज्याचा या हिशोबाशी काहीच संबंध नव्हता अशा कुणीतरी. पिवळा ट्रक आडवा झाला आणि तोंड उलटं करून उभा राहिला. पांढऱ्या धुरात तो क्षणभर दिसेनासा झाला. बाकीचे दोन्ही बाजूंनी गेले. तो परत वळला, सुटला, पण तोवर सगळे पुढे गेले होते. आई माझ्या सहकारीच्या हाताकडे बघत होती. हात जागेवरच होता. मग तो हळूहळू गुडघ्यावर आला आणि खाली गेला, आणि तिथेच राहिला. फेऱ्या संपल्या तेव्हा एका गुणाने पिवळा ट्रक बाहेर होता.

इंजिनं बंद झाली. लोकांनी हेडफोन काढले. सगळ्यांच्याच कानांत दडे बसले होते. मी माझ्या सहकारीला म्हटलं, "फार वाईट झालं."

"काय?"

"वाईट झालं म्हटलं."

"काय म्हणालीस?"

आमच्या पुढच्या बाकावर एक म्हातारा आपल्या बायकोला कानाशी हात नेऊन तेच विचारत होता. आई आजूबाजूला बघत होती. एवढा मोठा जमाव एकमेकांकडे वाकून, भुवया उंचावून, तोंडं न्याहाळत उभा होता. तिला हसू आलं, पण माझ्या सहकारीचे डोळे भरलेले पाहून तिने ते आवरलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

शर्यत संपली, की लोकांना खाली ट्रॅकवर उतरू देतात. आम्ही उतरलो. जमीन अजून गरम होती आणि रबराचे तुकडे बुटांना चिकटत होते. तिचा मुलगा टायरांच्या चळतीवर बसला होता, गुडघे काळे, मान खाली. चोविसेक वर्षांचा असेल. स्वतःच्या आईला बघून उठला, तिच्या गळ्यात पडला आणि तसाच राहिला. मग त्याने आमच्याकडे पाहिलं. मी ओळख करून देणार, तेवढ्यात माझी आई पुढे झाली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसल्याने तो फार मोठा लागतो.

"तुझं काम चोख झालं, बाळा," ती मराठीत म्हणाली. "प्रत्येक वेळी. मी बघितलंय."

आसपासच्या चार-पाच जणांनी वळून बघितलं. तो ताठ उभा राहिला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण तो आधीच म्हणाला, "थँक यू, मॅम." मग मी सांगितलंच, कारण मला वाटलं त्याला शब्दही कळावेत. तो ऐकत असताना माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता. माझ्या सहकारीने दुसरीकडे तोंड फिरवलं.

उरलेले धपाटे आईने त्यांना दिले. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या एका टीमकडे गेला, बरा चाललाय असं त्याची आई सांगते. आता ती डोळे उघडे ठेवते का, ते मी विचारलेलं नाही.

परत निघालो तेव्हा अंधार पडत होता. गाडीत माझे ओठ आईला दिसत नव्हते, त्यामुळे माझ्या बोलण्याला काही अर्थ नव्हता. तीच बोलायला लागली, समोरच्या रस्त्याकडे बघत.

"इचलकरंजीला आमच्या घराच्या भिंतीला लागून माग होते," ती म्हणाली. हे मला माहीत होतं. आजोबांचे, म्हणजे तिच्या आबांचे, चार यंत्रमाग होते. "दिवसभर खटाखट, खटाखट. आत गेलं की बोलायची सोयच नाही. मी सुताच्या कांड्या भरायला बसायचे. सगळे हातांनी बोलायचे, ओठांनी बोलायचे. मागवाले तर पार त्या टोकाला उभं राहून एकमेकांची टिंगल करायचे. आवाज कुणाला लागत होता?"

हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

"माझं लग्न ठरलं ते मला तिथंच कळलं," ती पुढे म्हणाली. "दारात आबा आणि मामा उभे होते. मी इकडं कांड्या भरतेय. मामाचे ओठ बघितले. म्हणाला, त्यांना पोरगी पसंत आहे. माझ्या आधी सगळ्या मागवाल्यांना कळलं. सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले. आई घरात स्वयंपाक करत होती, तिला शेवटी कळलं."

मी डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजव्याने तिचा हात दाबला, म्हणजे सांग पुढे.

"लग्न करून आले तुझ्या बाबांकडं. दोन खोल्या, सगळीकडं शांत. मला झोप यायची नाही. बाबांना वाटायचं माहेरची आठवण येते. मी म्हटलं नाही काही. आता कसं सांगायचं, की मला मागांचा आवाज पाहिजे."

डोंगराच्या कडेवर अजून थोडा जांभळा उजेड होता आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते. ती कुठे होती कुणास ठाऊक, माझ्या शेजारी की कांड्यांपाशी.

वाटेत मी पेट्रोल भरायला थांबले. तिथे एक छोटं दुकान होतं. मी पंप लावून दुकानाकडे निघणार, तर आई उतरली आणि हाताने मला थांबवलं. "तू राहा. मी आणते."

अमेरिकेत आल्यापासून ती एकटी कुठल्याच दुकानात शिरली नव्हती. मी काचेतून बघत राहिले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. आईने कप तोंडाला लावल्याची खूण केली, मग दोन बोटं. मुलीने कुठेतरी बोट दाखवलं. आईने मान आडवी हलवली, चिमूटभर साखरेची खूण केली, मग पुन्हा एकदा. मुलगी काउंटरच्या बाहेर आली आणि दोघी यंत्रापाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. आईचा हात हलताना दिसत होता.

ती दोन कॉफ्या आणि भाजलेल्या शेंगांचा एक पुडा घेऊन आली. माझ्या कॉफीत दूध फार होतं. गाडीतला दिवा मी चालू ठेवला, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल. तिने एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"खारट. पण भाजल्यात चांगल्या," ती म्हणाली, आणि पुडा माझ्यापुढे धरला. टरफलं ठेवायला तिने मांडीवर पदर पसरला. पुडा संपेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.